सोळा अंकांची चुकीची अट

मालवणमधील एका घरगुती निवासासाठी मी लिहिलेल्या आरक्षणाच्या संकेतस्थळावर आज एका पाहुण्यांचे क्रेडिट कार्ड तीनदा नाकारले गेले. कार्ड अमेरिकन एक्सप्रेसचे, म्हणजे १५ अंकी होते आणि मी तपासणीत सरसकट १६ अंकांची अट घातली होती. निवासाच्या मालकीणकाकूंना फोनवर त्यांची समजूत घालावी लागली, याचे मला फार वाईट वाटले.

संध्याकाळी बसून ती अट काढली, अंकांमधली मोकळी जागा आपोआप गाळली जाईल असे केले आणि कार्डाचा क्रमांक भरताना झालेली चूक ओळखणारी लून यांची पद्धत नीट बसवली. उजवीकडून प्रत्येक दुसरा अंक दुप्पट करायचा, उत्तर ९ पेक्षा मोठे आल्यास त्यातून ९ वजा करायचे आणि सगळ्यांची बेरीज १० ने निःशेष भागली जाते का, ते पाहायचे. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांना १९६० साली पेटंट मिळालेली ही पद्धत एका अंकाची कोणतीही चूक पकडते. शेजारच्या अंकांची अदलाबदलही पकडते, फक्त ०९ आणि ९० यांची सुटते. कार्ड खरोखर चालू आहे की नाही, हे मात्र बँकच सांगू शकते, म्हणून पाहुण्यांना दिसणारा संदेशही बदलला: ‘कार्ड अवैध आहे’ याऐवजी ‘कृपया क्रमांक पुन्हा तपासावा’.