तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी खरखर तुम्हाला चालते कशी?

‘शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन डान्स बँडच्या रेकॉर्डी तुम्ही साफ करता म्हणे. मग एवढी खरखर शिल्लक कशी? आणि त्या खरखरीतून ऐकायचं तरी काय?’ विचारणाऱ्यांत नाट्यसंगीताचे शौकीन असतात, एखादा स्टुडिओत काम करणारा तरुण असतो, आमचे मेहुणे तर असतातच. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र जिन्यात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून एकदा लिहून टाकतो.

आधी खरखर येते कुठून ते बघू. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, म्हणजे ७८च्या तबकडीला आपण लाखेची तबकडी म्हणतो खरं, पण तिच्यात लाख कमी आणि दगडाची भुकटी जास्त. (लाख बहुतेक आपल्याकडची, छोटा नागपूरच्या बाजूची. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकेत दुर्मिळ झाली, तेव्हा घरोघरच्या जुन्या तबकड्या गोळा करून पुन्हा वितळवल्या गेल्या. त्यात काय काय गेलं असेल, विचार न केलेला बरा.) ही भुकटी मुद्दाम घातलेली असायची. ग्रामोफोनची पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची व्हावी, म्हणून तबकडीच खरबरीत ठेवलेली. तेव्हा ती सततची ‘श्श’ कोणी निष्काळजीपणे ठेवल्यामुळे आलेली नाही, ती तबकडीच्या अंगचीच आहे. टिकटिक, फटफट, चरे हे मात्र नंतरचं नुकसान. साफसफाईत पहिली अक्कल हीच लागते की आपण यातलं नेमकं काय काढतोय.

लोकांना वाटतं, हे सगळं काम कॉम्प्युटरवर होतं. कॉम्प्युटर सुरू करण्याआधीच काम बरंच झालेलं असतं, किंवा बरंच बिघडलेलं असतं. पहिली गोष्ट आंघोळ. आपल्याकडच्या पावसाळ्यात खाचांमध्ये बुरशी धरते आणि ती वाजते. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं, बस्स. स्पिरिट चुकूनही लावू नका. लाख कशात विरघळते ते फर्निचर पॉलिश करणाऱ्याला विचारा.

दुसरी गोष्ट सुई. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ला लागतं ७५ मायक्रॉनच्या आसपासचं. एलपीची सुई ७८वर लावली की ती खाचेच्या तळाशी लोळते, जिथे फक्त मळ असतो. खरी गंमत पुढे आहे. जुन्या पोलादी सुयांनी खाच सगळीकडे सारखी झिजवलेली नसते. त्या एका ठरावीक उंचीवर घासत गेल्या. तुमच्याकडे वेगवेगळ्या जाडीच्या, टोक कापलेल्या अशा चार-सहा सुया असल्या, तर त्या पट्ट्याच्या थोडं वर किंवा थोडं खाली, जिथे नव्वद वर्षांत कोणाची सुई पोचलीच नाही अशा जागी जाता येतं. शिवाय बहुतेक ७८मध्ये आवाज आडव्या हालचालीत कोरलेला असतो. स्टीरिओ कार्ट्रिजने (सुई बसवलेला, आवाज टिपणारा भाग) खाचेच्या दोन्ही भिंती वेगवेगळ्या टिपायच्या आणि मग एकत्र करायच्या: उभ्या हालचालीतली बरीच खडखड आपोआप कटते. एक भिंत फारच खाल्ली गेली असेल, तर दुसरीच घ्यायची. कॉम्प्युटरवर तासन् तास घालवून जे मिळत नाही ते नुसती सुई बदलून मिळालेलं मी पाहिलंय.

तिसरी गोष्ट वेग. ७८ हा आकडा नंतरच्या काळात पक्का झाला. १९२५च्या आधीच्या तबकड्या ७२-७४पासून ८०च्या पलीकडेपर्यंत काहीही असू शकतात. आणि तबकडीवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. मग ठरवायचं कसं? इथे आपल्या पेटीचा उपयोग होतो. ट्रंपेट, कॉर्नेट (ट्रंपेटचाच बुटका भाऊ), क्लॅरिनेट ही काळी पाचची वाद्यं, त्यामुळे डान्स बँडचे अरेंजर काळी पाच, काळी दोन, पांढरी चार अशा पट्ट्यांना धरून असत. आता समजा तबकडी ७८वर लावली आणि पेटीवर सूर पांढरी सातचा निघाला. त्या काळातला कुठला कॉर्नेटवाला आनंदाने पांढरी सातमध्ये वाजवणार? म्हणजे तबकडी अर्ध्या सुराने चढी वाजतेय. अर्धा सूर म्हणजे साधारण सहा टक्के, म्हणून तिचा खरा वेग साडेत्र्याहत्तरच्या आसपास. तो लावला की नुसती पट्टी उतरत नाही. घाई जाते, सॅक्सोफोनचा नाकातला आवाज छातीत येतो, आणि गाण्याचा फॉक्सट्रॉट, म्हणजे त्या काळचा जोडीने करायचा नाच, होतो. कार्टूनमधल्या पाठलागासारखं वाटणारं कितीतरी जुनं संगीत मुळात तसं नव्हतंच, पुनर्मुद्रण करणाऱ्याने ते पळवलं होतं. आपल्या जुन्या गायकांच्या तबकड्यांबाबतही हाच घोटाळा आहे, पण तो विषय वेगळा आणि त्यात भांडणं फार.

आता एक तबकडी जवळून बघू. कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडने ५ आणि ६ एप्रिल १९२३ला इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केलं. मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून बाहेर आलेला मोठा कर्णा, पलीकडे मेणाची तबकडी, आणि वाजवणाऱ्यांच्या फुंकीतला जोर एवढीच शक्ती. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना खेटून, गाडी आली की काम थांबवायचं. ढोलाचा दणका बसला तर कोरणारी सुई उडायची, म्हणून ड्रमवाल्या बेबी डॉड्सला मोठा ड्रम वाजवायला बंदी, त्याने लाकडी ठोकळ्यांवर भागवलं. दुसरा कॉर्नेटवाला, बाविशीतही न पोचलेला लुई आर्मस्ट्राँग, इतक्या जोराने वाजवायचा की त्याला कर्ण्यापासून बराच मागे उभं केलं, असं बँडची पियानोवादक लिल हार्डिन पुढे सांगत असे.

त्या दुसऱ्या दिवशीच्या ‘डिपरमाउथ ब्लूज’मध्ये क्लॅरिनेट होऊन जातं, मग ऑलिव्हर कॉर्नेटच्या तोंडावर म्यूट, म्हणजे आवाज दाबायचं झाकण, उघडझाप करत, ‘वा-वा’ करत तीन आवर्तनं वाजवतो आणि शेवटी सगळा बँड थांबतो. त्या रिकाम्या जागेत बँडमधलाच बिल जॉन्सन ओरडतो, ‘ओ, प्ले दॅट थिंग!’ बेबी डॉड्स त्याची ठरलेली जागा विसरला म्हणून जॉन्सन ओरडला, असं स्वतः डॉड्सनेच नंतर सांगितलंय. आणि कंपनीने तो टेक तसाच ठेवला. पुढे ती आरोळी त्या चिजेचा भागच झाली, दुसरे बँड ती मुद्दाम मारू लागले.

आता माझी अडचण बघा. कर्ण्याच्या पद्धतीत वरचे स्वर फारसे उतरतच नव्हते. जे काही वरचं मिळतं ते खरखरीच्या अगदी शेजारी बसलेलं असतं: ठोकळ्यांची टकटक, म्यूट हलतानाची धार, बँजोच्या तारेवरची नखी. सॉफ्टवेअरला ‘खरखर काढ’ म्हटलं की ते एका रिकाम्या जागेचा नमुना घेतं आणि सगळीकडून तेवढं वजा करतं. खरखर जाते. तिच्याबरोबर बँड जिथे वाजला त्या खोलीची जाणीव जाते, ठोकळे जातात, आणि उरतं ते जास्त उकडून पाणी फेकून दिलेल्या भाजीसारखं. वरून एक पाणचट गुळगुळ आवाज मागे राहतो तो वेगळाच. टिकटिक काढणारी अवजारं त्या मानाने शहाणी, पण त्यांनाही पितळी वाद्यं कळत नाहीत. ऑलिव्हरसारखा घसा खरवडल्यागत वाजवणारा आला की प्रत्येक फुंकीची सुरुवात त्यांना ‘क्लिक’ वाटते आणि ती तासून टाकतात. कॉर्नेटची क्लॅरिनेट होते. म्हणून अशा जागी मी यंत्र बंद करतो आणि एकेक टिकटिक पडद्यावर शोधून हाताने काढतो. वेळ जातो, पण दुसरा उपाय मला पटलेला नाही.

हाताने काढण्याचा आदर्श म्हणजे इंग्लंडचे जॉन आर. टी. डेव्हिस. २००४मध्ये वारले. स्वतः टेम्परन्स सेव्हन या बँडमध्ये वाजवणारे. कॉम्प्युटर येण्याआधीच्या काळात हा माणूस रेकॉर्ड टेपवर घ्यायचा, टिकटिक जिथे आहे ती जागा शोधायचा, आणि टेपवरचा चुंबकीय थर ब्लेडने तेवढ्यापुरता खरवडायचा. त्यांच्या हातची कामं आजही लावून बघा, खरखर आहे, पण बँड पुढे आहे. वाजवणारा असल्यामुळे फुंक कुठे सुरू होते हे त्यांच्या कानाला माहीत होतं, असं माझं मत आहे.

१९२५मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि चित्र पालटलं. मायक्रोफोनमुळे वरचे स्वर आले, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खर्ज आला. १ फेब्रुवारी १९२७ला जीन गोल्डकेटच्या ऑर्केस्ट्राने व्हिक्टर कंपनीसाठी ‘माय प्रिटी गर्ल’ वाजवलं, त्यातला स्टीव्ह ब्राउनचा बास (खर्जातलं मोठं तारवाद्य) ऐका. तारा ओढून वाद्याच्या लाकडी पट्टीवर आपटतोय, आणि शेवटाकडे अख्खा बँड त्या एका माणसाच्या पाठीवर बसून पळतोय. आता ‘मोटरची घरघर नको’ म्हणून कोणी १०० हर्ट्झच्या खालचं सगळं छाटून टाकलं, तर तबकडी स्वच्छ झाली असं वाटतं आणि स्टीव्ह ब्राउन अर्धा मेलेला असतो. तीनच दिवसांनी, ४ फेब्रुवारीला, फ्रँकी ट्रमबॉवरच्या नावावर ‘सिंगिन द ब्लूज’ झालं. बिक्स बायडरबेकचा त्यातला कॉर्नेट म्हणजे न ओरडताही गरम कसं वाजवावं याचा धडा. चार वर्षांनी तो गेला, वय अवघं अठ्ठावीस.

बनावट स्टीरिओबद्दल थोडं, कारण तेही लोक विचारतात. एकाच वाहिनीचा आवाज डावी-उजवीकडे पसरून वर हॉलचा घुमारा चढवलेली पुनर्मुद्रणं बाजारात खूप झाली. मला ती आवडत नाहीत. पण खरा स्टीरिओ चुकून झाला होता! फेब्रुवारी १९३२मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या बँडच्या दोन मेडली (एकात एक गुंफलेल्या चाली) घेताना व्हिक्टरने दोन वेगळ्या मायक्रोफोनवरून दोन यंत्रांवर एकाच वेळी तबकड्या कोरल्या. पन्नासेक वर्षांनी संग्राहकांच्या लक्षात आलं की या दोन प्रती तंतोतंत सारख्या नाहीत. दोन्ही नेमक्या जुळवून एकत्र वाजवल्यावर १९३२चा बँड खोलीत पसरून बसलेला ऐकू आला. आता बोला.

‘पण यात आपलं काय?’ हेही विचारलं जातं. आपलं बरंच आहे. १९३५मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईत ताजमध्ये आला, मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकन वादक. वेदरफोर्ड तर इथेच राहिला आणि १९४५मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्याकडे बघून वाजवणारे गोव्याचे वादक पुढे सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर व्हाझ, हा त्यातला आर्मस्ट्राँगचा भक्त. ‘अलबेला’त सी. रामचंद्रांनी, आपल्या चितळकरांनी, त्याच्या ट्रंपेटला जी मोकळीक दिली ती आठवा. त्या वाद्यमेळाची आजी ऐकायची असेल तर याच तबकड्यांकडे जावं लागतं.

तर खरखरीतून ऐकायचं काय? माझा सल्ला असा की ही मैफल समजू नका. लेबलवर नावाखाली ‘फॉक्स ट्रॉट’ असं छापलेलं असतं, ते खरं माना. हे पायांसाठी वाजवलेलं संगीत आहे. दहा इंची तबकडीवर तीन मिनिटं, त्यात मुखडा, एखादा पट्टीबदल, कोणा निनावी गायकाचं अर्धं कडवं (बहुतेक वेळा सहन करण्याइतपतच), आणि शेवटी सगळ्यांनी मिळून मारलेली उडी. पहिल्यांदा ठेका पकडा. दुसऱ्यांदा फक्त बास किंवा ट्यूबा. तिसऱ्यांदा बँजो. तोवर खरखर कुठे गेली हे तुम्हीच मला सांगाल. कान ती बाजूला सारायला फार लवकर शिकतो, कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा चांगला शिकतो, आणि बँडमधलं काही खात नाही.

सुरुवात १९२७-२८च्या विजेवरच्या तबकड्यांपासून करा, कर्ण्याच्या काळाकडे नंतर वळा. अमेरिकेत १९२३च्या ध्वनिमुद्रणांवरचे हक्क १ जानेवारी २०२४ला संपले, त्यामुळे ऑलिव्हरच्या जेनेट तबकड्या आता इंटरनेटवर मोकळेपणाने मिळतात, कोणी न साफ केलेल्याही आणि खूपच साफ केलेल्याही. त्यातली ‘झुलूज बॉल’ ऐकताना एवढं लक्षात असू द्या की त्या तबकडीची जगात एकच प्रत माहीत आहे, तेव्हा तिच्या तब्येतीची तक्रार करू नये. शक्य असेल तर एकाच चिजेची दोन पुनर्मुद्रणं पाठोपाठ लावा, आधी गुळगुळीत, मग खरखरीत. हेडफोन नकोत, स्पीकरवर ऐका आणि आवाज जरा मोठा ठेवा. शेजाऱ्यांनी विचारलंच, तर माझ्याकडे पाठवा.