ताटाएवढं तबक, पण मधे पोचट

आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत एक शेतकरी काका आले ते फडक्यात गुंडाळलेलं सूर्यफुलाचं तबक घेऊन. तबक ताटाएवढं, पण हातात घेतलं तर हलकं. नखाने दाणे दाबून पाहिले. कडेच्या चार-पाच फेऱ्या भरलेल्या, मधले सगळे पोचट.

"मधमाश्या कमी पडल्या असतील," मी बोलून गेलो. फुलं कडेकडून आत उमलत जातात, परागीभवन मधेच थांबलं की मधला भाग रिकामा राहतो.

"माश्या भरपूर होत्या साहेब. ऐन फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी केलीच नाही मी."

मग तबकाची मान उलटून पाहिली. देठावर आडव्या भेगा होत्या. त्यांच्या मोबाइलमधल्या फोटोत वरची कोवळी पानं जाड, तांबूस आणि वाकडी. खालची पानं मात्र हिरवीगार. बोरॉन, म्हणजे पिकाला अगदी थोडं लागणारं एक अन्नद्रव्य, झाडात जुन्या पानांतून नव्याकडे फारसा सरकत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्यालाच आधी दिसते. मातीचा सामू (आम्ल-अल्कतेचा आकडा) ८.३, जमीन चुनखडीची; अशा मातीत बोरॉन पिकाला कमी मिळतो. बोरॉन तपासला तर ०.३ पीपीएम (दहा लाख भागांत ०.३ भाग). अर्ध्या पीपीएमखाली आला की आम्ही कमी धरतो.

पेरणीआधीचा माती अहवाल काकांनी खिशातून काढला. नत्र, स्फुरद, पालाश, खाली माझी सही. बोरॉनचा रकाना कोरा. मागितल्याशिवाय सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची नाहीत ही आमची पद्धत, आणि ती चुकीची आहे. बोरॉन हे नावच ज्याने ऐकलेलं नाही, तो मागणार कसा?

खतांतही घोळ होता. पोती कमी वाहावी लागतात म्हणून सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी हे स्फुरदाचं दुसरं खत टाकलेलं. सुपरमधून स्फुरदासोबत अकरा-बारा टक्के गंधक मिळतं, डीएपीतून जवळपास काहीच नाही, आणि तेल बनायला गंधक लागतं. वर युरियाचा जादा हप्ता. नत्र वाढलं की दाण्यात प्रथिनं चढतात, तेलाचा टक्का उतरतो.

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. फुलोऱ्याच्या आठवड्यात त्यांची पाण्याची पाळी चुकली होती. ताणानेही मधले दाणे भरत नाहीत, आणि माती सुकली की मुळांना बोरॉनही उचलता येत नाही. दोष कोणाचा किती?

पुढच्या हंगामासाठी मी लिहून दिलं: कडेच्या पिवळ्या पाकळ्या उमलायला लागल्या की लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम बोरॅक्स (बोरॉन देणारा क्षार) घालून फवारायचा. चिठ्ठी वाचून काका म्हणाले, "चार ओळी फवारणीशिवाय ठेवतो. पाणी सगळ्यांना सारखंच देईन. तुम्ही बघायला या."


मी जाणार आहे.