भिंतीवरचं कॅलेंडर आणि गुहागरची भरती

31 डिसेंबर 2025, गुहागर

आज द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी, तीनच्या आसपास, पूर्ण ओहोटी. किनाऱ्यावरची ही जुनी रीत आहे: पक्ष कुठलाही असो, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यावर हा हिशेब उभा आहे. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. मुंबईच्या मानाने रत्नागिरी जिल्ह्यात भरती थोडी आधी येते, म्हणून नेमकी वेळ गावातल्या माणसालाच विचारलेली बरी.

वर्ष संपताना सगळं घर समुद्रावर येतं तेव्हा स्वयंपाकघरात टांगलेलं जुनं कॅलेंडर गुंडाळी करून पिशवीत टाकावं. तिथी त्यावर आहेतच. शिवाय सरलेलं वर्षही त्यावरच असतं, दुसरीकडे कुठेही इतकं खरं लिहिलेलं नसतं. एखादं मार्चचं पान घ्या. चार तारखेच्या चौकोनात ‘दूध 2 लि.’, अकराला ‘गॅस लावला’, सतराला पेन्सिलीने बारीक ‘दात’, त्याच्या शेजारी तेलाचा डाग. बाळाला पहिला दात आला तो दिवस कुणी मुद्दाम नोंदवायला बसलेलं नसतं. गॅसची तारीख टाकताना हाताशी पेन्सिल होती, म्हणून तो तिथे टिकून राहिला.

वर्षाचं पान, म्हणजे त्या कॅलेंडरवरून सरल्या वर्षाची वहीतली नोंद, लिहायला दुपारची वेळ धरावी. आजच्यासारखी नवाची भरती असेल तर मुलांचं पाण्यातलं खेळणं नवापर्यंत, चढत्या पाण्यात. पाणी उतरायला लागलं की बाहेर. उतरतं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं आणि माणसाला आत खेचतं. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत आणि गढूळ दिसला तर तिथे अजिबात उतरू नये, पाणी तिथूनच परत आत जात असतं. कुणी त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे झुंजत न येता आधी किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर पडायचं. हे मुलांना पाण्यात पाय टाकण्याआधी सांगावं, नंतर नाही.

जेवणं झाली की पडवीत बसावं. वाळूवर वही उघडू नये, वाऱ्याने पानं फडफडतात आणि शिवणीत वाळू जाऊन बसते. जेल पेन खाऱ्या दमट हवेत पसरतं, म्हणून साधं बॉलपेन किंवा पेन्सिल. एकाने महिना वाचायचा, बाकीच्यांनी आठवून सांगायचं, एकाने लिहायचं. महिन्याला दहा मिनिटं धरली तर दोन तासांत वर्ष संपतं आणि ओहोटीच्या रुंद वाळूवर फिरायला ऊन उतरेपर्यंत सगळे मोकळे होतात.

इथे सगळ्यात जास्त चुकतं ते हे, की टप्पा म्हणून फक्त पेढ्यांचा दिवस लिहिला जातो. खरं तर प्रत्येक टप्प्याला दोन तारखा असतात. गृहकर्जाचा शेवटचा हप्ता गेला तो एक दिवस, घराचे मूळ कागद हातात आले तो दुसरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. तेव्हा ‘कर्ज फिटलं’ या ओळीखाली ‘कागद आले’ ही तारीख नसेल तर ती ओळ अर्धीच आहे. जन्माचंही तसंच: बाळ झालं ती तारीख सगळ्यांना पाठ असते, पण 21 दिवसांच्या आत नोंद झाली का आणि दाखल्यावर नाव नीट चढलं का, हे लिहून ठेवावं. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एका दिवसात होतं, पण चष्म्याचा नवा नंबर महिना-दीड महिन्याने लागतो आणि तिला पोथी पुन्हा वाचता येते ती तारीख ऑपरेशनची नसते. ती तिलाच विचारावी.

समुद्राचंही असंच आहे. चंद्र पुरा होतो पौर्णिमेला, पण मोठं उधाण बहुतेक वेळा एक-दोन दिवसांनी, प्रतिपदा-द्वितीयेला दिसतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा पाणी फारसं चढत नाही की उतरतही नाही.

रकमा आकड्यांत लिहाव्या. ‘दवाखान्यात बराच खर्च झाला’ हे पाच वर्षांनी कुणाच्याच उपयोगाचं नसतं. चकचकीत गुळगुळीत कागदावरची छापील पावती वर्षभरात कोरी होऊ शकते, म्हणून आकडा वहीत उतरवावा. कुणी रजा काढली, कुणी रात्री उशाशी बसलं, ती नावंही लिहावी. घरात कुणी गेलं असेल तर त्या महिन्यापाशी घाई करू नये. त्या दिवशी दहा मिनिटांचा हिशेब विसरावा.

आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या वर्षात येत असेल तर तेही इथेच मोजून घ्यावं. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे 29.53 दिवस. हजार पौर्णिमांचे 29,530 दिवस होतात, म्हणजे साधारण 80 वर्षं 10 महिने. नातू पाटीवर हा गुणाकार मांडतात तेव्हा आजोबा हटकून मधे बोलतात आणि दहावीस पौर्णिमांच्या आठवणी निघतात. त्या लिहून घ्याव्या.

आजोबांना वाळूवर नेताना सुकी वाळू लवकर ओलांडून पाण्याजवळच्या ओल्या घट्ट वाळूवर न्यावं, तिथे पाय रुतत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय रुततात; खाली फळी ठेवावी. खोली तळमजल्यावरची मागावी आणि संडास कमोडचा आहे का हे ठरवतानाच विचारावं. घरगुती खाणावळीत उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्री सांगावं लागतं.

नव्या कॅलेंडरवर पहिली खूण 3 जानेवारीला. पौर्णिमा आहे, दुपारी भरती. गुहागरजवळच्या हेदवीला बामणघळ आहे, समुद्रकाठच्या खडकातली अरुंद भेग; तेव्हाच तिच्या कपारीतून पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलं तर नुसती भेग दिसते. सकाळी दशभुज गणपतीचं दर्शन, अकराच्या आत घळीपाशी, आणि ओल्या शेवाळलेल्या खडकापासून मुलं दहा हात लांब.