दुसरं मत

बारावीतला मुलगा आई-वडिलांबरोबर आला होता. एनडीएचा फॉर्म भरायच्या आधी डोळे तपासून हवे होते. नौपाड्यातल्या आमच्या क्लिनिकमध्ये अशी मुलं वर्षभर येतात. नजर दोन्ही डोळ्यांनी सिक्स बाय सिक्स.

मग इशिहाराचं पुस्तक काढलं. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे. हे पुस्तक मी पिवळ्या दिव्याखाली उघडत नाही, पानाला बोट लावू देत नाही, उत्तराला 3 सेकंदांवर वेळ देत नाही. मुलगा धडाधड वाचत सुटला: 12, 8, 6, 29. पान उलटायच्या आधीच ओठ हलत होते! मी क्रम मोडला, मधलीच पानं उघडली. मघाशी 8 म्हणाला तिथे आता 3, आणि 29 च्या जागी 70. लाल-हिरवा रंग ओळखण्यात दोष असला की नेमकं हेच दिसतं.

क्लासवाल्यांनी पानं क्रमाने पाठ करून घेतली होती. फी घेऊन हे करणाऱ्यांना मी शिक्षक म्हणणार नाही.

"मॅडम, नॉर्मल लिहा, पुढचं आम्ही बघतो," वडील म्हणाले. मी नाही म्हटलं. "आमच्यात कुणालाच नाही, मग याला कुठून आलं?" हा दोष मुलाला आईकडून येतो. आई समोरच बसली होती. "जन्मजात असतं, कुणाची चूक नसते," एवढंच मी बोलले.

मुलगा म्हणाला, "पहिल्या महायुद्धातला वैमानिक इंद्रलाल रॉय, त्यालाही डोळ्यांवरून नापास केलं होतं. त्याने मोटरसायकल विकून मोठ्या डॉक्टरला दाखवलं आणि पास झाला. जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांत शत्रूची 10 विमानं पाडल्याची नोंद त्याच्या नावावर झाली."

"पुढे?" आईने विचारलं.

"22 जुलैला फ्रान्समध्ये फोकर विमानांशी लढताना गेला. 19 वर्षांचा होता."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी मुलाला म्हटलं, दुसरं मत जरूर घे, पण रॉयचा प्रश्न नजरेचा होता. तुझ्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशीच जन्मापासून वेगळ्या आहेत, आणि वैमानिकाला लाल-हिरवा दिवा क्षणात कळावा लागतो. मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली. रिपोर्टवर दिसलं ते लिहिलं.

रॉयला पास करणारा तो डॉक्टर मात्र डोक्यातून जात नाही. पोराची नजर पुरेशी भरली, तर दुसरं काय लिहिणार? मीही पासच केलं असतं.