मी कधीच न लिहिलेला ‘हप्टम’

आईच्या बचत गटाचा कर्जाचा हिशोब वहीतच चालायचा. एकीचे दोन हप्ते दुसरीच्या पानावर चढले, बैठकीत वाद झाला, तेव्हा मी गटासाठी वेब ॲप करायला घेतलं. 2019 ची गोष्ट. वेब ॲप बनवायला रेल्स 5.2 हा तयार सांगाडा, मागे माहिती साठवायला पोस्टग्रेस हा डेटाबेस. मॉडेलची, म्हणजे कोडमध्ये एकेका गोष्टीची माहिती सांभाळणाऱ्या क्लासची, नावं मुद्दाम मराठीच ठेवली, फक्त रोमन लिपीत: सभासद, कर्ज, हप्ता. बैठकीत बायका जो शब्द बोलतात तोच कोडमध्ये असला की त्यांचं म्हणणं आणि माझं कोड यांच्यात भाषांतर मध्ये येत नाही.

पहिली अडचण टेबलाची. मायग्रेशनमध्ये, म्हणजे टेबलं बनवणाऱ्या फाइलमध्ये, मी टेबलाला ‘हप्ताज’ असं नाव दिलं होतं, कारण रेल्स मॉडेलच्या नावाचं इंग्रजी अनेकवचन करून टेबल शोधतं. पण पोस्टग्रेस म्हणालं, ‘हप्ता’ नावाचं टेबलच नाही. म्हणजे रेल्सला अनेकवचनही ‘हप्ता’च हवं होतं. तसं का, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी नुसतं टेबलाचं नाव बदललं आणि कर्जाच्या मॉडेलमध्ये ‘हॅज मेनी हप्ता’ (एका कर्जाला अनेक हप्ते) लिहून टाकलं.

एका कर्जाचे हप्ते मागितले आणि पडद्यावर आलं: अनइनिशियलाइज्ड कॉन्स्टंट कर्ज::हप्टम.

हप्टम? सगळ्या प्रोजेक्टमध्ये हा शब्द शोधला. एकाही फाइलमध्ये नाही. मी जो शब्द लिहिलेलाच नाही, त्या नावाचा क्लास रेल्स शोधत होतं. दोन संध्याकाळी मी फाइलींची नावं, मोठी-लहान अक्षरं, क्लास कधी लोड होतात, हेच तपासत बसलो.

शेवटी कन्सोल (एकेक ओळ चालवून बघायची खिडकी) उघडून ‘हप्ता’ या शब्दावरच एकवचन करणारं सिंग्युलराइज चालवलं. उत्तर आलं ‘हप्टम’. अनेकवचन करणारं प्लुरलाइज चालवलं तर ‘हप्ता’. मग रेल्सचे वचनाचे नियम उघडून वाचले. त्यांत एक नियम आहे: शब्दाच्या शेवटी टी-ए किंवा आय-ए असेल तर तो अनेकवचनी धरायचा आणि एकवचन करताना शेवटच्या ए-च्या जागी यू-एम लावायचं. डेटा, डेटम. बॅक्टेरिया, बॅक्टेरियम. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांसाठीचा हा नियम. आपला हप्ताही रोमनमध्ये टी-ए नेच संपतो, म्हणून तोही त्यात सापडला. हॅज मेनी नावाचं एकवचन करून त्यावरून क्लास ओळखतं, त्यामुळे ते थेट हप्टमच्या दारात गेलं.

कारण कळलं तरी मी आधी तात्पुरतंच काम केलं. असोसिएशनला, म्हणजे त्या ‘हॅज मेनी’ नात्याला, क्लास नेम (क्लासचं नाव) आणि फॉरेन की (हप्ता कोणत्या कर्जाचा ते सांगणारा रकाना) हाताने दिली. यादी दिसू लागली. पण नवं कर्ज आणि त्याचे 12 हप्ते एकाच फॉर्ममधून जतन करायला गेलो तर नवा संदेश: हप्ता कर्ज मस्ट एक्झिस्ट, म्हणजे हप्त्याला कर्ज असायलाच हवं. कर्ज तर त्याच फॉर्ममध्ये होतं!

हा गुंता सोडवायला जास्त वेळ गेला. 2016 च्या रेल्स 5 पासून नव्या ॲपमध्ये ‘बिलाँग्ज टू’ असलेलं नातं (हप्ता कर्जाचा, हे हप्त्याच्या बाजूने सांगणारं) बंधनकारक असतं. पालक, म्हणजे इथे कर्ज, नसेल तर नोंद वैध ठरत नाही. कर्ज अजून जतन झालेलं नसताना हप्त्याला आपलं कर्ज कोणतं हे स्मृतीतल्या उलट्या, म्हणजे हप्त्याकडून कर्जाकडे जाणाऱ्या, दुव्यावरूनच कळतं. एरवी रेल्स तो दुवा स्वतः जोडतं, पण या आवृत्तीत फॉरेन की हाताने दिली की जोडत नाही. म्हणजे पहिल्या ठिगळानेच दुसरं भोक पाडलं होतं.

नेटवर सर्वांत सोपा सल्ला मिळाला तो ‘ऑप्शनल ट्रू’ लिहायचा, म्हणजे कर्जाचं बंधनच काढायचा. लिहून पाहिलं, फॉर्म चालला. तरी मी ते काढलं. कर्जाशिवायचा हप्ता म्हणजे पैसे भरले आहेत, पण कोणाचं कर्ज कमी झालं ते माहीत नाही. ज्या वादापायी हे ॲप करायला घेतलं, तोच वाद मी डेटाबेसमध्ये आणून ठेवला असता.

मग इन्फ्लेक्शन्सच्या, म्हणजे वचनाचे आपले नियम सांगायच्या, फाइलमध्ये एक ओळ लिहिली: इरेग्युलर, ‘हप्ता’, ‘हप्ते’. मराठीतलं खरं अनेकवचन. टेबलाचं नाव नव्या मायग्रेशनने ‘हप्ते’ केलं, नातं ‘हॅज मेनी हप्ते’ झालं, क्लास नेम आणि फॉरेन की पुसून टाकली. तरी चूक येतच राहिली, कारण ही फाइल ॲप सुरू होतानाच वाचली जाते आणि मागे स्प्रिंग, म्हणजे ॲप आधीच चढवून ठेवणारं साधन, जुनी प्रत धरून बसलं होतं. स्प्रिंग थांबवून सर्व्हर पुन्हा चालू केला. कर्ज आणि 12 हप्ते एका झटक्यात जतन झाले, उलटा दुवाही आपोआप जुळला. ‘कर्ज.हप्ते’ ही ओळ वाचताना मला फार बरं वाटलं.

त्या रात्री एक छोटी टेस्ट लिहिली: प्रत्येक मॉडेलच्या नावाचं अनेकवचन करायचं, त्याचं पुन्हा एकवचन करायचं, मूळ नाव परत येतं का बघायचं. कर्ज आलं, सभासद आलं. ‘पत्ता’ आला नाही. त्याचा ‘पट्टम’ झाला होता. सभासदाला तो ‘हॅज वन’ने (एकाला एकच) जोडलेला होता आणि हॅज वन नावाचं एकवचन करत नाही, म्हणून इतके दिवस तो गप्प होता. त्याच फाइलमध्ये दुसरी ओळ लिहिली: ‘पत्ता’, ‘पत्ते’.