पुणे ते महाबळेश्वर: स्वस्तातला जीपीएस सायकल कॉम्प्युटर घाटात कसा वागतो

पहाटे स्वारगेटहून निघायचं असेल तर कॉम्प्युटर आधी मोकळ्यावर आणायचा आणि मगच चालू करायचा. पार्किंगच्या छपराखाली चालू करून तसंच पेडल मारायला लागलं, तर सॅटेलाइट पकडायला कितीतरी मिनिटं जातात. आदल्या रात्री ॲपला जोडून ए-जीपीएस (सॅटेलाइट कुठे सापडतील याची आगाऊ माहिती) ताजा केलेला असला की सहसा अर्ध्या-एक मिनिटात काम होतं. माझ्याकडचा एक्सॉस जी प्लसच्या वर्गातला आहे: नकाशा नाही, काळा-पांढरा पडदा, आत हवेच्या दाबावरून उंची काढणारा बॅरोमीटर, जोडीला सेन्सर बिनतारी जोडायला ब्लूटूथ आणि अँट प्लस. महाबळेश्वरच्या साधारण १२० किलोमीटरच्या रस्त्याला नकाशा लागतच नाही. लागतो तो चढाचा आणि वेळेचा हिशोब, आणि तो हे यंत्र चोख ठेवतं. अट एकच, चाकाचे फेरे मोजणारा स्पीड सेन्सर हवा.

याचं कारण कात्रजलाच कळतं. आम्ही हायवेचा बोगदा टाळून जुना घाट धरतो. तिथल्या जुन्या बोगद्यात सिग्नल तुटतो आणि नुसत्या जीपीएसवर चालणाऱ्या कॉम्प्युटरचा वेग शून्यावर येतो किंवा भलताच दिसतो. मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) सेन्सर असेल तर वेग आणि अंतर दोन्ही चालूच राहतात. मात्र चाकाचा घेर बरोबर भरलेला हवा. ७०० x २५ टायरला २१०५ मिलिमीटर, ७०० x ३२ ला २१५५. टायर बदलून आकडा जुनाच ठेवला, तर १२० किलोमीटरला जवळपास पावणेतीन किलोमीटरचा फरक पडतो. तक्त्यापेक्षा स्वतः मोजलेलं बरं: हवा नेहमीइतकी भरायची, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खूण करायची, सायकलवर बसून चाक एक पूर्ण फेरा पुढे न्यायचं आणि टेपने मोजायचं. सेन्सर फोनच्या ब्लूटूथ यादीतून जोडू नका. तो फोनला चिकटून बसला की कॉम्प्युटरला सापडत नाही. जोडणी कॉम्प्युटरच्या मेनूतून करा, शक्यतो अँट प्लसवर.

खेड शिवापूर, शिरवळ हा हायवेचा पट्टा सरळ आहे. इथे पडद्यावर वेग, अंतर, वेळ आणि केडन्स (पेडलचे मिनिटाला फेरे) एवढंच पुरे. पुलांच्या सांध्यांवरून आणि स्पीडब्रेकरवरून बसणारे दणके माउंटची, म्हणजे कॉम्प्युटर हँडलबारवर धरून ठेवणाऱ्या पकडीची, परीक्षा पाहतात. रबर कडक झालं की कॉम्प्युटर हळूहळू पुढे झुकतो, पुढे माउंटमध्ये अडकणारे त्याचे कानही तुटतात. म्हणून पाठीमागच्या भोकातून नायलॉनची दोरी ओवून हँडलबारला बांधलेली हवीच.

खंबाटकी चढून उतरलं की सुरूर फाट्याला उजवीकडे वळून वाई, आणि मग पसरणी घाट. वाई साधारण ७२० मीटरवर, पाचगणी १२९० च्या आसपास. अकरा-बारा किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटरची चढाई, म्हणजे सरासरी पाच टक्के. सेन्सर नसेल तर इथे ऑटो-पॉज (सायकल थांबली की रेकॉर्डिंग आपोआप थांबवणारी सोय) बंद ठेवा. दमलेल्या पायांनी वेग पाच-सहावर येतो, एका बाजूला कडा असल्याने सिग्नल परावर्तित होऊन येतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं सायकल थांबली. मग पॉज, सुरू, पॉज, सुरू. हलत्या वेळेची सरासरी बिघडते आणि रेकॉर्डमध्ये भोकं पडतात. ग्रेडचा, म्हणजे चढाच्या टक्केवारीचा, आकडाही काही सेकंद मागे असतो. वळणावर चढ वाढतो तेव्हा पडद्यावर अजून चार टक्केच असतात. गिअर आकडा पाहून नाही, पायांवरचा जोर पाहून बदला. आकडा पाहायचा तो उंचीचा: पाचगणीला किती मीटर उरले, ते त्यावरून अचूक कळतं.

तेही बॅरोमीटर ठीक असेल तर. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने बदलला की उंची आठ-दहा मीटरनी सरकते, म्हणून पावसाळी दिवसात सकाळ-संध्याकाळचा फरक गृहीत धरा. सोय असेल तर निघताना माहीत असलेली उंची भरा. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर ती लिहिलेली असते आणि पुणे ५६० मीटरच्या आसपास आहे. भिलारनंतरच्या धुक्यात किंवा पावसात बॅरोमीटरच्या छिद्रावर थेंब बसला तर उंची गोठते, नाहीतर उड्या मारते. फुंकर मारा, टिपून घ्या. टाचणी घालू नका.

बॅटरी कंपनी २० ते २५ तासांची सांगते, बॅकलाइट सतत चालू ठेवला की त्याहून कमी. महाबळेश्वरला ती भरपूर झाली. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तास असतात, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस. म्हणजे ४०० ला पॉवर बँक आलीच. काही मॉडेल वायर लावताच चार्जिंग मोडमध्ये जातात आणि रेकॉर्डिंग थांबवतात. हे घरी तपासून घ्या, रात्री दोन वाजता ढाब्यावर नव्हे.

वेण्णा लेक ओलांडून बाजारात पोचल्यावर आधी राईड सेव्ह करा, मग चहा. ॲपमधून सिंक अडकलं तर फाइल पुसू नका. बहुतेक मॉडेल केबलने लॅपटॉपला जोडली की पेन ड्राइव्हसारखी दिसतात. त्यातली फिट फाइल (राईडची नोंद) कॉपी करून थेट स्ट्राव्हावर, म्हणजे राईड नोंदवायच्या साइटवर, चढवता येते.