शीर्षकातून कापलेले तीन शब्द

31 मे 1998 च्या रविवारी पुण्यातील एका मराठी दैनिकात माझी रात्रपाळी होती. पाकिस्तानने गुरुवारी आणि शनिवारी बलुचिस्तानात अणुचाचण्या केल्या होत्या आणि सोमवारी यशवंत सिन्हा अर्थसंकल्प मांडणार होते, त्यामुळे कोणत्याच पानावर जागा उरली नव्हती. अशात वृत्तसंस्थेकडून छोटा मजकूर आला. जेरी हॅलिवेलने 'स्पाइस गर्ल्स' हा पाच गायिकांचा ब्रिटिश पॉप गट सोडल्याचे वकिलामार्फत जाहीर केले होते आणि त्याचे कारण आपसातील मतभेद असे दिले होते.

तो कागद हातात घेताना मला मनापासून वाईट वाटले. शुक्रवारी रात्री मीच 'जेरी आजारी; ऑस्लोत चौघीच गायल्या' असे शीर्षक दिले होते. मूळ बातमीत 'असे सांगण्यात आले' हे शब्द होते. ओळ बसत नव्हती म्हणून मी ते कापले आणि गटाच्या बाजूने केलेला खुलासा आमच्या वाचकांपुढे वस्तुस्थिती म्हणून गेला.

"सिंगल कॉलम, चार ओळी. आज जागा नाही," मुख्य उपसंपादक म्हणाले. मी बारा ओळी मागितल्या, कारण 'मतभेद' या एका शब्दात ही गोष्ट मावत नव्हती. 1994 मध्ये 'द स्टेज' या साप्ताहिकातील जाहिरात वाचून निवडीला आलेल्या शेकडो मुलींमधून हा गट उभा राहिला. पुढे या मुलींनी ज्यांनी त्यांना एकत्र आणले त्याच व्यवस्थापकांची साथ सोडून सायमन फुलरला निवडले. जुलै 1996 मध्ये आलेले 'वॉनाबी' हे त्यांचे पहिलेच गाणे ब्रिटनमध्ये सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यानंतरच्या दोन वर्षांहूनही कमी काळात दोन अल्बम, एक चित्रपट आणि फेब्रुवारीत डब्लिनहून निघालेला जगदौरा एवढे सगळे त्यांनी उरकले होते. शिवाय नोव्हेंबर 1997 मध्ये फुलरलाही दूर केल्यावर कारभाराचा भार त्यांच्याच खांद्यावर आला होता. इतक्या वेगाने आणि इतक्या ओझ्याखाली पाच जणींची मने जुळलेली राहिली असती तरच नवल, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

साहेबांनी दहा ओळी दिल्या.

मग छायाचित्राचा प्रश्न आला. संग्रहातील पाकिटात पाचही जणींचे एकच छायाचित्र होते आणि त्यात जेरी मधोमध उभी होती. पान लावणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने तिच्या दोन्ही बाजूंना पट्टी ठेवून पाहिले. जेरीला काढले तर शेजारणीच्या खांद्यावर तिची बोटे तेवढी उरत होती. "पाचही राहू द्या," मी म्हणालो, "बातमी तिचीच आहे." शेवटच्या ओळीत मी लिहिले की आजारपणाचे जे कारण आम्ही आधी छापले होते, ते गटाच्या बाजूने सांगण्यात आलेले होते.

सोमवारी दुपारी कार्यालयात एका मुलीचा दूरध्वनी आला. "काका, आता अमेरिकेचा दौरा रद्द होणार का हो?" दौरा ठरल्याप्रमाणे होईल असे उरलेल्या चौघींनी म्हटल्याचे मी तिला सांगितले, आणि 'त्यांनी म्हटले आहे' हे शब्द या वेळी मुद्दाम दोनदा उच्चारले. 15 जूनला फ्लोरिडात त्या चौघी खरोखरच मंचावर आल्या. ती बातमीही मीच लावली.